दादाच्या नावाची सायकलफेरी आणि वहिनींचा नकार

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिकेच्या मोठ्या भावाला सात महिन्यांपूर्वी पहाटेच्या अंधारात सायकल चालवताना मागून ट्रकने उडवलं आणि तो गेला. खटला सुरू आहे. पहिल्या स्मृतिदिनी त्याच्या नावाने दोनशे किलोमीटरची सायकलफेरी काढायची, त्यातून निधी जमवायचा आणि अपघातग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला द्यायचा, असं तिने आणि दादाच्या सायकल ग्रुपने ठरवलं आहे. मार्ग अपघाताच्या जागेवरूनच जावा आणि तिथे पांढरी रंगवलेली सायकल उभी करावी, असा ग्रुपचा आग्रह आहे. वहिनी "मला यात ओढू नका" एवढंच बोलल्या. आता विषय निघाला की उठून जातात. चौदा वर्षांची भाची मात्र बाबांची जी दुसरी सायकल घरी राहिली आहे तिच्यावरून यायचंच म्हणून हटून बसली आहे. पत्रलेखिका स्वतः क्वचितच सायकल चालवते, तरी तिने लिहिलंय, "पूर्ण अंतर मी नाही कापलं तर याला अर्थ काय? दादा कितीदा चल म्हणाला, मी कधी गेले नाही." तिचे प्रश्न दोन: वहिनींना कसं समजवावं, आणि एवढा मोठा कार्यक्रम नीट कसा पार पाडावा?

तुमचा दुसरा प्रश्न कामाचा आहे आणि त्याची उत्तरं मिळतात. पुढे देतेच आहे. पहिला मात्र तुम्ही ज्या शब्दांत विचारलाय तसाच्या तसा मला घेता येत नाही. "वहिनींना कसं समजवावं" असं लिहिताना त्यांचं म्हणणं तुम्हाला कळलंय आणि ते चुकीचं आहे, हे दोन्ही तुम्ही धरून चाललाय. पत्र दोनदा वाचूनही मला ते कळलं नाही, आणि तुम्हालाही कळलं असावं असं वाटत नाही.

"मला यात ओढू नका" या वाक्यात किती नकार मावतात बघा. फेरी काढूच नका, हा एक. काढा, पण मी येणार नाही, हा दुसरा. त्या रस्त्यावरून नको. त्याचा फोटो बॅनरवर नको. माझ्या मुलीला ट्रकांच्या मधून जाऊ देणार नाही. मला विचाराल तर शेवटची शक्यता सर्वांत दाट वाटते. नवरा ज्या तऱ्हेने गेला त्याच तऱ्हेने मुलगी रस्त्यावर उतरायला निघाली आहे आणि आजूबाजूची माणसं त्याला श्रद्धांजली म्हणताहेत. अशा वेळी उठून जाण्यापलीकडे त्या काय करणार?

म्हणून त्यांच्याकडे जा, पण एकट्या जा. ग्रुपमधलं कोणी बरोबर नको, आणि आराखडा, पोस्टर, देणगीदारांची यादी असलं काही हातात नको. "तुम्ही याल का?" हा प्रश्नही विचारू नका. विचारायचं ते असं: "वहिनी, यातली कोणती गोष्ट झाली तर तुम्हाला सहन होणार नाही?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच सांगून टाका की दादाचं नाव, त्याचा फोटो, तो रस्ता आणि भाची, या चार गोष्टींत त्यांचा शब्द शेवटचा. हा शब्द मनापासून देता येत नसेल तर अजून जाऊ नका. कारण त्यांनी नाही म्हटल्यावर तुम्ही वाद घालायला बसलात, तर पुढच्या वेळी त्या दारच उघडणार नाहीत.

आता समजा त्या म्हणाल्या, काहीच नको. तेव्हा काय? दुःख फक्त पत्नीचं असतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही बहीण आहात, आणि मित्रांनी त्याच्याबरोबर जितके तास रस्त्यावर काढले तितके घरच्यांनाही मिळाले नसतील. एखाद्या रविवारी दहा मित्रांनी त्याची आठवण काढत सायकली काढल्या तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याच्या नावाने जाहीर कार्यक्रम करणं, त्याच्या नावाने लोकांकडून पैसे घेणं, ही वेगळी बाब आहे. तिथे वहिनींचा होकार नसेल तर यंदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. असाच पेच आई-वडील आणि सून यांच्यात पडतो, भावाभावांत पडतो, ऑफिसातले सहकारी आणि घरचे यांच्यातही पडतो. बहुतेक वेळा ज्याच्या अंगात उत्साह जास्त त्याचं चालतं, आणि मग स्मृतिदिन आला की घरात दोन तट पडतात.

यानंतरचा प्रश्न तुमच्यासाठी आणि ग्रुपसाठी. तुम्हाला आठवण जागवायची आहे की निधी उभारायचा आहे? दोन्ही, असं तुम्ही म्हणाल, आणि त्यात गैर काही नाही. पण दोन्हींची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते. निधीला गर्दी लागते, प्रायोजक लागतात, मोठं अंतर लागतं, कारण "दोनशे किलोमीटर" म्हटलं की देणारा खिशात हात घालतो. आठवणीला यातलं काहीच लागत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात ख्रिस फेलन यांनी 'राईड ऑफ सायलेन्स' सुरू केली. एका अनुभवी सायकलपटूला बसच्या आरशाची धडक बसून तो गेला, त्यानंतरची ही गोष्ट. आता मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी ती अनेक देशांत निघते. हेल्मेट घालायचं, ताशी १२ मैल म्हणजे साधारण १९ किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि बोलायचं नाही. नोंदणी शुल्क नाही, प्रायोजक नाहीत.

दुसऱ्या टोकाला मॅसॅच्युसेट्समधली 'पॅन-मास चॅलेंज'. बिली स्टार यांची आई कर्करोगाने गेली, तिच्या आठवणीने त्यांनी १९८० मध्ये मित्रांना गोळा केलं. ३६ सायकलस्वार निघाले आणि १०,२०० डॉलर जमले. त्या फेरीने आजवर बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली आहे. ही दुसरी गोष्ट ऐकली की आयोजकांचे डोळे चमकतात. तुमच्या ग्रुपमध्येही कोणीतरी ती सांगितली असेलच. पण तिच्याच जोडीने 'एड्स लाइफसायकल'चंही ऐका. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, सात दिवस, ५४५ मैल, वर्षानुवर्षं चाललेली आणि मोठा निधी उभारणारी फेरी. खर्च वाढत गेला, सहभागी घटले आणि २०२५ मध्ये ती शेवटची निघाली. मोठ्या फेरीचा तंबू, जेवण, वाहनं, विमा, कर्मचारी यांवरचा खर्च देणग्यांच्याही पुढे धावू शकतो. तुमची पहिलीच वेळ आहे. पहिल्या पत्रकावर "दरवर्षी" हा शब्द घालू नका.

आणि ते दोनशे किलोमीटर. ग्रुपला ते सहज वाटतात, कारण त्यांच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर कापायच्या फेरीचा, पहिला टप्पाच दोनशेचा; त्याला साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी पंधरा किलोमीटर. सराव असलेल्याला हे जमतं. पण साडेतेरा तास म्हणजे वर्षातल्या बहुतेक दिवसांच्या उजेडापेक्षा जास्त. मागे पडणारे अंधारात सायकल चालवणार, नाहीतर सगळ्यांना अंधारात निघावं लागणार. दादा अंधारात गेला. त्याच्या नावाच्या फेरीत एकही माणूस अंधारात रस्त्यावर असू नये, एवढी एक अट मी तुमच्या जागी असते तर घातली असती, आणि मग दोनशेचा विषय तिथेच मिटला असता.

तुमच्या स्वतःच्या अंतराबद्दल. तो चल म्हणाला आणि तुम्ही गेला नाहीत, ही बोच मला समजते. पण तो तुम्हाला दोनशे किलोमीटरला बोलावत होता का? मला वाटतं रविवारी सकाळी तासभर, गप्पा मारत, मध्ये कुठेतरी थांबत, अशा फेरीला बोलावत असणार. ती तुम्हाला आजही जमेल. चार महिन्यांत दोनशेची तयारी करणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्या डोक्यावर कार्यक्रमाचा भार नसतो आणि सात महिन्यांपूर्वी भाऊ गेलेला नसतो. रडू येत असताना रस्त्यावरचं लक्ष उडतं. तुम्ही मधल्या तुकडीत राहा, ओळखीच्या माणसाशेजारी, आणि हवं तिथे थांबा.

माझी सूचना अशी. फेरीचे तीन भाग करा. पहिले आठ किलोमीटर सगळ्यांनी मिळून, शांत अंतर्गत रस्त्यांवरून, निघाल्या जागी परत येणारे. ज्यांना तेवढंच झेपतं त्यांनी तिथे थांबायचं. दुसरा भाग तीस किलोमीटरचा, नेहमी थोडीफार सायकल चालवणाऱ्यांसाठी. तिसरा शंभर-सव्वाशेचा, फक्त ग्रुपच्या सराव असलेल्या मंडळींसाठी. ताशी वीसने चालले आणि थांबे धरले तरी ते सात-आठ तासांत, उजेडात परततात. एकत्र जायचा टप्पा सुरुवातीलाच ठेवा. शेवटी सगळ्यांनी भेटायचं ठरवलं तर एक पंक्चर होतं, दोघं रस्ता चुकतात, आणि लहान मुलं-म्हातारी माणसं उन्हात दोन तास वाट बघत बसतात.

यामुळे अपघाताच्या जागेचा प्रश्नही सुटतो. ती जागा शंभर किलोमीटरवाल्यांच्या वाटेवर असू द्या, ज्यांना जायचंय ते जातील. तिथे पन्नास सायकली थांबवायच्या नाहीत, हे मात्र ठाम सांगा. ज्या रस्त्यावर ट्रकने एकाला मागून उडवलं त्याच रस्त्याच्या कडेला डोकी खाली घालून उभा राहिलेला घोळका, याहून धोक्याचं काय असेल? ज्यांना तिथे थांबायचंय त्यांनी चार-पाच जणांनी, वेगळ्या दिवशी, गाडीने जावं आणि रस्त्यापासून आत उभं राहावं.

पांढऱ्या सायकलीची प्रथाही २००३ मध्येच सुरू झाली, सेंट लुईसमध्ये, आणि आज जगभरात अशा सायकली दिसतात. त्या बघून वाहनचालक सावध होत असतील, चांगलंच आहे. पण तो रस्ता वहिनींच्या नेहमीच्या येण्या-जाण्याचा असेल तर? मित्र वर्षातून एकदा तिथून जाणार, त्या रोज. ही सायकल लावायची तर त्यांच्या होकारानेच, आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याला विचारून. नाहीतर एक दिवस कोणीतरी ती उचलून भंगारात टाकेल आणि त्याचा त्रास पुन्हा तुम्हालाच होईल.

खटला सुरू आहे म्हणून आणखी एक. पत्रकावर, बॅनरवर, भाषणात चालकाचं नाव, वाहनाचा नंबर, "खून", "मारेकरी" असे शब्द येऊ देऊ नका. हल्ली प्रत्येक भाषणाची क्लिप फिरते. वकिलांना मजकूर एकदा दाखवा. भाषण एकच ठेवा, दोन मिनिटांचं, निघायच्या आधी. आणि रडू आवरू शकेल अशा माणसाला द्या.

तारखेचंही तसंच. स्मृतिदिनीच फेरी हवी, हा हट्ट कुठून आला? त्या दिवशी घरी तुमची गरज जास्त असेल. शिवाय तो दिवस आठवड्याच्या मध्ये आला तर रस्त्यावर अवजड वाहनं असणारच. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्ते अपघातांत बळी पडलेल्यांचा जागतिक स्मृतिदिन आहे. ब्रिटनमध्ये रोडपीस या संस्थेने १९९३ मध्ये तो सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर गेली. त्या दिवशी निघालेली फेरी दादाची असतेच, आणि वहिनींना "आज माझ्या घरातला दिवस आहे" हे ओझंही राहत नाही. तो रविवार तुम्हाला फार जवळ किंवा फार लांब पडत असेल तर स्मृतिदिनाच्या आगेमागे कुठलाही रविवार घ्या.

पैशाबाबत मी थोडी कडक आहे. देणगी तुमच्या खात्यावर येता कामा नये, ग्रुपमधल्या कोणाच्याही नाही. आधी संस्थेला लेखी विचारा: तुमच्या नावाने निधी जमवू का, तो कोणत्या कामाला लावणार, पावती थेट देणाऱ्याला पाठवणार का? हो म्हणाले तर देणगी थेट त्यांच्याच नोंदणीकृत खात्यावर जाऊ द्या. फेरीचा खर्च त्यातून काढायचाच नाही. त्यासाठी सहभागींकडून वेगळं शुल्क घ्या किंवा एखादा प्रायोजक बघा. पॅन-मासवाले तेच करतात, स्वारांनी जमवलेला सगळा पैसा संस्थेला जातो आणि खर्च शुल्क व प्रायोजकांतून भागतो. महिन्याच्या आत जमा-खर्चाचा एक कागद सगळ्यांना पाठवा. टी-शर्टवर पैसे घालवू नका, असंही सांगेन. खर्चाच्या यादीत बघता बघता तोच सगळ्यात वर चढतो, आणि दादाचा फोटो व त्याखाली दुकानाचा लोगो असा शर्ट वहिनींना वाळत घातलेला दिसावा, हे मला तरी बरं वाटत नाही. काही खूण हवीच असेल तर दंडाला एक पट्टी पुरे. हँडलला रिबिनी नकोत, त्या चाकात अडकतात.

रस्त्यावरची जबाबदारी घरच्या कोणाकडेही नको. ग्रुपमधला अनुभवी आणि थोडा रुक्ष वाटणारा माणूस निवडा. हवामान बिघडलं तर रद्द करायचा अधिकार त्या एकट्याला, आदल्या संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत. पोलिसांकडे आणि स्थानिक प्रशासनाकडे परवानगीचे अर्ज आत्ताच द्या, आणि आयोजकांच्या जबाबदारीचा विमा मिळतो का ते विचारा. "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहून सही घेतली म्हणजे आयोजक सुटतो, हा गैरसमज आहे. हलगर्जीपणा झाला तर तो कागद फारसा कामाला येत नाही. मार्गाची पाहणी त्याच वाराला, त्याच वेळी, सायकलवरून करा. गाडीतून खड्डे कळत नाहीत. समोरून येणारी रहदारी ओलांडून वळावं लागेल अशी वळणं जितकी टाळता येतील तितकी टाळा.

दहा-बारा जणांच्या तुकड्या करा, दोन तुकड्यांत अंतर ठेवा म्हणजे मागच्या वाहनांना पुढे जायला जागा मिळते. प्रत्येक तुकडीच्या पुढे एक आणि मागे एक जाणता. मागच्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. घोळक्यातले बरेच अपघात पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासून होतात, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगा. हेल्मेट नाही तर फेरी नाही. हवा, ब्रेक, चेन यांची तपासणी सुरुवातीलाच. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर असलेलं कार्ड. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, त्या हिशेबाने थांबे ठेवा. आणि हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचं प्रशिक्षण घेतलेले दोघं-तिघं तरी असू द्या. मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबायचं असतं, आणि ते वाचून येत नाही, करून शिकावं लागतं.

राहता राहिली भाची. ती येणार की नाही हे वहिनी ठरवतील, आणि त्या नाही म्हणाल्या तर तुम्ही तिच्या बाजूने भांडणार नाही, हे तिला आधीच कळू द्या. नाहीतर ती आत्याच्या जोरावर आईशी लढत बसेल. वहिनी हो म्हणाल्या तर आठ किलोमीटरवाल्या टप्प्यात, एका मोठ्या माणसाशेजारी, आणि त्याआधी काही आठवडे सराव करून. बाबांच्या सायकलचं म्हणाल तर ती मापाला बसते का ते आधी बघा. सायकलच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर नळी आणि शरीर यांच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटर जागा राहायला हवी, आणि कोपर जरा वाकवूनही बोटं ब्रेकपर्यंत पोहोचायला हवीत. फक्त सीट खाली घेऊन मोठी सायकल लहान होत नाही. शिवाय ती सात महिने उभी आहे. टायरचं रबर, ब्रेकच्या केबल, चेन, सगळं मेकॅनिककडून तपासून घ्या. मापात बसत नसेल तर तिच्या स्वतःच्या सायकलला बाबांची घंटी किंवा पाण्याची बाटली लावून द्या. चौदाव्या वर्षी हे पटायला थोडा वेळ लागेल, पण पटेल.

आणि ग्रुपला आजच कळवा: मार्ग, तारीख आणि पांढरी सायकल, तिन्ही गोष्टी वहिनींशी बोलणं होईपर्यंत थांबवल्या आहेत. बॅनर छापायला टाकला असेल तर तोही.